भिंतीचे पैसे दिले, हवेचे राहून गेले

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे कपाट सरकवायला गेलो होतो. उत्तर इंग्लंडमधली ही घरे विटांची, एकाला एक लागून, शंभर वर्षांहून जुनी. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीतले कपाट हातभर पुढे ओढले, तेव्हा आधी वास आला आणि मग भिंत दिसली. कोकणातले बंद घर भर पावसाळ्यात उघडल्यावर येतो, तसा कुबट वास. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी, मधेमधे रंगाचे पोपडे. कपाटात टांगलेल्या आजींच्या लोकरी कोटाच्या पाठीवरही तेच काळे ठिपके उमटले होते.

याच भिंतीला बाहेरून तीन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून इन्सुलेशन, म्हणजे घरातली उष्णता अडवणारा जाड थर, बसवले आहे. आजींना एक पैसाही द्यावा लागला नाही. पहिल्या हिवाळ्यात घर खरोखर उबदार राहिले, हे त्या आजही आवर्जून सांगतात. दुसऱ्या हिवाळ्यात वास यायला लागला.

न्हाणीघरात एक्झॉस्ट फॅन होता, चालूही होता, आवाज तर चांगलाच करत होता. मी टिश्यू पेपरचा एक तुकडा त्याच्या जाळीवर धरला आणि हात काढला. पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. तो सरळ खाली पडला. माळ्यावर चढून पाहिले तर पंख्याची लवचीक नळी छपरापर्यंत पोचलीच नव्हती. अर्ध्यातच गळून ती लाकडी वाशांवर आडवी पडली होती आणि आंघोळीची वाफ तीन वर्षे माळ्यावर जात होती. बाहेर जाऊन भिंत पाहिली. सांडपाण्याचा पाइप सोडवून पुन्हा बसवायचा त्रास नको म्हणून कामगारांनी पाइपामागचा विटांचा पट्टा तसाच उघडा ठेवला होता. फळ्यांच्या जमिनीखाली हवा खेळावी म्हणून जुन्या घरांना भोकांची वीट असते, इथे तिला एअर ब्रिक म्हणतात. ती इन्सुलेशनच्या पाट्याखाली बुजून गेली होती.

एका घरातले हे तीन दोष. हे एकच घर असते तर मी लेख लिहायला बसलो नसतो.

ब्रिटनमध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे आपल्या कॅगसारख्या संस्थेने, ऑक्टोबर 2025 मध्ये या योजनांवर अहवाल दिला. बाहेरून भिंतीला इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी 98 टक्के घरांत दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष आहेत, असा त्यातला अंदाज आहे. ही घरे 22 ते 23 हजार. आतून इन्सुलेशन केलेल्यांपैकी 29 टक्के, म्हणजे 9 ते 13 हजार घरांत तशीच स्थिती. काही घरांत तर तातडीचा धोका, उघड्या विजेच्या तारा किंवा बॉयलरची हवा अडवलेली. सरकारने जानेवारी 2025 मध्ये पहिल्यांदा हा प्रश्न संसदेत मांडला आणि 39 ठेकेदारांना निलंबित केले, तेव्हाही दोषांच्या यादीत अपुरे वायुवीजन होतेच.

शंभरातली पाच कामे बिघडली तर पाच ठेकेदारांना जाब विचारावा. शंभरातली अठ्ठ्याण्णव बिघडतात तेव्हा योजनेची मांडणीच चुकलेली असते. या योजनेने भिंत झाकण्याचे पैसे दिले, घर कोरडे ठेवण्याचे दिले नाहीत, आणि ज्याचे पैसे दिले तेवढेच काम झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरात पाणी येते कुठून, हे आधी पाहू. चार माणसांच्या घरात श्वास, आंघोळ, स्वयंपाक, धुणे यांतून दिवसाला दहाएक लिटर पाण्याची वाफ होते. इथल्या हिवाळ्यात कपडे घरातच रेडिएटरवर वाळत घालावे लागतात, त्या दिवशी आणखी जास्त. 20 अंश तापमानाची हवा दर घनमीटरला साधारण 17 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवू शकते. 10 अंशांवर तिची ताकद साडेनऊ ग्रॅमच्या आतच राहते. उरलेले पाणी कुठेतरी उतरणार, आणि ते उतरते घरातल्या सर्वांत थंड जागेवर. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात, तसेच. आजींच्या घरात बाकी सगळी भिंत उबदार झाली आणि पाइपामागचा उघडा पट्टा तेवढा थंड राहिला. घरातले सगळे पाणी त्या पट्ट्यावर आले. बुरशीला तर भिंतीवरून ओघळ वाहायचीही गरज नसते. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की ती धरते.

पूर्वी हे पाणी जायचे कसे? खिडक्यांच्या फटींतून, फळ्यांच्या जमिनीतून आणि मुख्य म्हणजे धुराड्यातून. कोळशाच्या शेगड्यांसाठी बांधलेली ही घरे थंड होती, खर्चिक होती, पण त्यांच्यातून हवा सतत वाहत होती. त्या हवेचा हिशेब कोणी कधी मांडला नाही, कारण ती फुकट मिळत होती. मग शेगड्या बुजवल्या, दुहेरी काचेच्या खिडक्या आल्या, आणि शेवटी भिंतीला थर लागला. फटी बंद करायलाच हव्या होत्या, त्यांतून उष्णता जाते. पण ज्या वाटेने वाफ बाहेर जात होती ती वाट बंद केल्यावर दुसरी वाट काढून देणे हे त्याच कामाचा भाग असते. घराचे नळ बदलणारा प्लंबर मोरी बुजवून निघून गेला तर आपण त्याला पैसे देत नाही.

पावसाची गोष्ट वेगळी, आणि कोकणातल्या वाचकांना ती लगेच कळेल. बाहेरचा थर चार इंच जाड असतो. भिंत चार इंच पुढे आली की छपराची कड तिच्यापुढे येईनाशी होते आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडण्याऐवजी भिंतीवरच पडू लागतात. खिडकीखालच्या दगडी सिलचेही तेच. ती वाढवून पुढे काढली नाही तर तिच्यावरचे पाणी थराच्या मागे उतरते. इंग्लंडचा आणि वेल्सचा पश्चिम किनारा झड खाणारा आहे, तिथे पाऊस आडवा येतो. म्हणूनच तर तिकडे साधारण 1920 नंतर दोन पदरी भिंती बांधू लागले. मधे मोकळी जागा सोडायची, म्हणजे बाहेरच्या पदरात मुरलेले पाणी आतल्या पदरापर्यंत पोचत नाही. आमच्या गावी पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांचा आडोसा बांधायचे, तोही भिंतीला चिकटवून नाही, थोडे अंतर राखूनच. पुढे अनेक घरांत ती मोकळी जागा तंतूंनी भरून टाकली. जिथे झड कमी आणि विटा धडधाकट, तिथे त्याने फायदाच झाला. जिथे भिंत आधीच तडकलेली होती तिथे त्या भरावाने पाण्याला आत यायला पूल बांधून दिला.

हे कुणाला ठाऊक नव्हते असे म्हणायला जागा नाही. लँकशरमधल्या प्रेस्टन शहरात फिशविक नावाचा गरीब वस्तीचा भाग आहे. 2013 च्या सुमारास तिथल्या तीनशेहून अधिक घरांना आधीच्या एका योजनेतून बाहेरचे इन्सुलेशन झाले. काही महिन्यांत गिलाव्याला तडे, आत पाणी, भिंतींवर बुरशी. लोक वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. 2015 मध्ये सरकारने बांधकामतज्ज्ञ पीटर बोनफिल्ड यांना सगळ्या क्षेत्राची पाहणी करायला सांगितले आणि डिसेंबर 2016 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून ट्रस्टमार्क या दर्जा तपासणाऱ्या संस्थेची देखरेख आली, 2019 मध्ये पास 2035 हे मानक आले. हे मानक मी वाचले आहे आणि ते चांगले आहे. घर पूर्ण तपासा, आधी गळती दुरुस्त करा, वायुवीजन पुरेसे नसेल तर ते सुधारल्याशिवाय इन्सुलेशन करू नका, प्रत्येक घरामागे जबाबदार समन्वयक नेमा, असे सगळे त्यात आहे. फिशविकमधल्या लोकांनी सोसले त्यातून शहाणपण निघाले आणि ते नीट लिहून ठेवले गेले. तरीही पुढच्या योजनेत 98 टक्के.

का, याचे उत्तर पैसा कोणत्या मोजमापावर सुटतो यात आहे. ईको नावाने ओळखली जाणारी ही योजना 2013 मध्ये सुरू झाली. ती सरकारी तिजोरीतून चालली नाही. वीज आणि गॅस विकणाऱ्या कंपन्यांवर सरकारने बंधन घातले, त्या ठेकेदारांकडून कामे करून घ्यायच्या, आणि खर्च देशातल्या प्रत्येक घराच्या बिलातून वसूल व्हायचा, ज्याला कधी इन्सुलेशन मिळणार नाही अशा भाडेकरूच्याही. ऑफजेम ही नियामक संस्था कंपन्यांचे लक्ष्य मोजायची. मोजायची काय? घराचे इंधन बिल गणिताने किती कमी व्हायला हवे, त्याचे गुण. जाड थराला गुण मिळायचे. पंख्याला मिळत नसत, कारण पंखा उबदार हवा बाहेर टाकतो आणि त्या गणितात तो तोट्याच्या बाजूला पडायचा. दाराखाली 10 मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे न्हाणीघराचा पंखा चालू झाला की खोल्यांतली हवा त्याच्याकडे सरकेल, असा साधा नियम इथे आहे. त्या फटीला गुण नव्हते. आजींच्या घरी नवा गालिचा घातल्यावर ती बुजली आणि कोणी पाहिलेही नाही.

त्यात कामाची साखळी लांब. कंपनी ठेका देते, ठेकेदार उपठेकेदाराला, तो रोजंदारीवरच्या माणसांना. प्रत्येक पायरीवर थोडे पैसे झिरपतात आणि भिंतीपाशी पोचलेला माणूस दिवसाला किती मीटर थर लावला यावर कमावतो. पाइप सोडवून पुन्हा बसवायला लागणारे दोन तास त्याच्या खिशातून जातात. अशा माणसाला बेईमान म्हणणे मला पटत नाही. बेईमानीही झाली आहे. 5,600 ते 16,500 घरांबाबत खोटे दावे झाले असावेत आणि त्यातून 5.6 ते 16.5 कोटी पौंड उचलले गेले असावेत, असा ऑफजेमचाच अंदाज आहे. पण चोर पकडून संपतील. बरोबर काम करणाऱ्याला तोट्यात घालणारी मांडणी तशीच राहिली तर उद्याचा प्रामाणिक ठेकेदारही पाइपामागचा पट्टा सोडून देईल.

आणि दोष कुणाच्या माथी मारला जातो? राहणाऱ्याच्या. हे मला सर्वांत जास्त टोचते. आजींनी तक्रार केली तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने फोनवरच निदान केले, ‘तुम्ही खिडक्या उघडत नसाल.’ एकट्या राहणाऱ्या, पेन्शनवर गॅसचे बिल भागवणाऱ्या ऐंशीच्या बाईला जानेवारीत खिडक्या उघडायला सांगायचे, तेही तिचे घर उबदार करण्याच्या योजनेत! आपल्या लोकांना तर ही टेप पाठ आहे. भाड्याच्या घरात ओल आली की पहिला प्रश्न येतो तो फोडणीचा, कुकरचा, घरात वाळणाऱ्या कपड्यांचा. इथे त्यासाठी ‘लाइफस्टाइल’ हा शब्द वापरतात. म्हणजे चूक घराची नाही, तुमच्या राहणीची.

हा शब्द किती महाग पडतो ते मँचेस्टरजवळच्या रॉचडेल शहराने दाखवले. तिथे डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल गेले. घर सामाजिक गृहसंस्थेचे, म्हणजे कमी भाड्याने घरे देणाऱ्या संस्थेचे, आईवडील सुदानमधून आलेले. वडिलांनी 2017 पासून बुरशीची तक्रार केली होती आणि त्यांना वरून रंग मारायला सांगितले गेले. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळे मुलाचा श्वसनाचा आजार होऊन मृत्यू झाला, असा निष्कर्ष कोरोनरने, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नोव्हेंबर 2022 मध्ये दिला. त्या घराचा इन्सुलेशन योजनेशी संबंध नव्हता, पण हवा बाहेर न जाण्याचा प्रश्न तोच होता. कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण गृहीतके धरली आणि ती चूक होती, हे त्या संस्थेने नंतर जाहीरपणे मान्य केले. त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. 27 ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक घरमालकांना ओलीच्या गंभीर तक्रारीची पाहणी 10 कामाच्या दिवसांत आणि तातडीच्या प्रसंगी 24 तासांत कारवाई करणे बंधनकारक आहे. आजींचे घर त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांना हा कायदा लागू नाही.

माझे म्हणणे ऐकून कोणी म्हणेल की मग इन्सुलेशनच नको. असे म्हणणारे इथे आता बरेच झाले आहेत, आणि त्यांच्याशी मी तितक्याच तीव्रतेने असहमत आहे. थंड घरही ओलसरच असते, थंडीने म्हातारी माणसे आजारी पडतात, आणि नीट बसवलेला थर भिंत उबदार ठेवून बुरशी कमीच करतो. याचा पुरावा न्यूझीलंडमध्ये आहे. तिथे फिलिपा हाऊडन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,350 कुटुंबांचा अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. इन्सुलेशन झालेली घरे अधिक उबदार आणि अधिक कोरडी झाली, माणसांची छातीतली घरघर कमी झाली, मुलांची शाळा कमी बुडाली. तिथल्या सरकारने 2009 पासून अनुदान दिले. आणि 2019 मध्ये भाड्याच्या घरांसाठी नियम केले तेव्हा उष्णता आणि हवा एकाच कागदावर लिहिली. थर हवा, बैठकीची खोली 18 अंशांपर्यंत तापवता यायला हवी, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात बाहेर हवा टाकणारा पंखा हवा, उघडणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान 5 टक्के हव्यात, आणि फरशीखालच्या बंद मातीवर ओल अडवणारे प्लास्टिक हवे. यातली एक गोष्ट घेऊन बाकीच्या सोडता येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. पंखे लोक बंद करतात. खरे आहे, करतात, कारण स्वस्तातला पंखा कर्कश वाजतो आणि दिवा लावला की सुरू होतो, मग रात्री कोणी झोपेतून उठेल म्हणून त्याची वायर काढून टाकतात. पण हळू, सतत चालणारे, आवाज न करणारे पंखे आज मिळतात, त्यांना एका छोट्या एलईडी दिव्याइतकी वीज पुरते. स्वस्त पंखा लावून तो बंद केल्याचा दोष राहणाऱ्याला देणे ही पुन्हा तीच खोड आहे.

नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारने ईको योजना गुंडाळायचे जाहीर केले. सदोष घरे रहिवाशांच्या खर्चाने नव्हे तर ठेकेदारांकडून दुरुस्त करून घेऊ, असे आश्वासन आहे. पुढे ‘वॉर्म होम्स’च्या नावाने सरकारी तिजोरीतून कामे होणार आहेत. योजनेचे नाव बदलेल, पैशाचा रस्ता बदलेल, पण मोजमाप तेच राहिले तर आणखी दहा वर्षांनी कोणीतरी दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या आजींचे कपाट ओढत असेल. म्हणून माझी मागणी मोजमापाबद्दल आहे. प्रत्येक पंखा सेकंदाला किती लिटर हवा बाहेर टाकतो, हे उपकरण लावून मोजा. न्हाणीघराला 15 लिटर हा इथलाच नियम आहे. तो आकडा घरात राहणाऱ्याच्या हातात लेखी द्या. आकडा नसेल तर थराचेही पैसे देऊ नका. छपराची पन्हळ गळत असेल तर ती दुरुस्त करणे हे कामाचे पहिले कलम असू द्या, आणि त्याचा खर्च योजनेने द्यावा, कारण गरीब घरांच्याच पन्हळी गळक्या असतात. आणि ठेकेदाराच्या रकमेतला मोठा हिस्सा एक हिवाळा पार पडेपर्यंत रोखून धरा. आर्द्रता नोंदवणारे यंत्र काडेपेटीएवढे असते आणि फार महागही नसते. ते ऑक्टोबर ते मार्च एका खोलीत ठेवले की घर कोरडे आहे की नाही ते कुणाच्या साक्षीवाचून कळते. त्यातून राहणाऱ्याचीही अब्रू वाचते.

हिवाळ्यावर माझा एवढा भर का, तर आजींच्या घराची तपासणी अखेर झाली, ती जूनमध्ये. तक्रार नोव्हेंबरमधली. मी तेव्हा तिथेच होतो. बाहेर ऊन होते, खिडक्या दिवसभर उघड्या होत्या, एप्रिलमध्ये नातवाने भिंत ब्लीचने पुसून रंग मारला होता. आलेल्या माणसाने ओल मोजायचे यंत्र भिंतीला तीन ठिकाणी टेकवले, तिन्ही ठिकाणी हिरवा दिवा लागला. पंख्याचे बटण दाबून आवाज ऐकला. माळ्यावर चढायला त्याच्याकडे शिडी नव्हती. कागदावर त्याने लिहिले, ‘ओल आढळली नाही, पंखा चालू स्थितीत’, आणि आजींची सही घेतली. मी नळीबद्दल सांगितले, तर म्हणाला, ते माझ्या फॉर्ममध्ये नाही.

नळी मी आणि नातवाने जुलैमध्ये जोडली. पाइपामागचा पट्टा अजून उघडा आहे आणि एअर ब्रिक अजून बुजलेली आहे. आजींनी कपाट भिंतीपासून हातभर पुढेच ठेवले आहे, आणि कोट आता पुढच्या खोलीत दाराच्या खिळ्याला टांगलेला असतो.